अळीला बांधलेला करगोटा

फुलपाखराचं जीवनचक्र तुम्ही शाळेत नक्की काढलं असेल. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांना गोल जोडणारे चार बाण. त्या आकृतीत मार्क चित्रांना असतात, बाणांकडे कुणी बघत नाही. पण त्यातला अळीपासून कोषाकडे जाणारा बाण जरा नीट बघा. अळी दिवसरात्र पानं खात असते. खाते, फुगते, कात टाकते, पुन्हा खाते. आणि एके दिवशी अचानक तोंड बंद करते, जागा शोधते आणि स्वतःभोवती कोष करून बसते. आता खाणं बस, आता मोठं व्हायचं, हे तिला कोण सांगतं? आणि आजच का? काल का नाही?

या प्रश्नाचं पहिलं खणखणीत उत्तर स्टेफान कोपेच या पोलिश शास्त्रज्ञाने दिलं. कीटकांच्या हॉर्मोन्सवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात हे नाव भेटतं. बहुतेक वेळा एकाच ओळीत. नाव, १९१७ आणि १९२२ ही दोन वर्षं, आणि लगेच पुढचा परिच्छेद सुरू. त्या एका ओळीमागचा माणूस आज तुम्हाला भेटवायचा आहे.

कोपेच जन्मले १८८८ मध्ये. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तिघांनी त्याचे तुकडे वाटून घेतले होते, आणि तेही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या क्राकूव शहरात मात्र पोलिश भाषेत शिकता येत होतं, पोलिश विज्ञान अकादमी होती, तिचं स्वतःचं नियतकालिक होतं. देश नसलेल्या लोकांनी विज्ञान चालू ठेवलं होतं म्हणा ना.

कोपेच यांनी आयुष्यभराची सोबत म्हणून निवडला एक पतंग, लायमँट्रिया डिस्पार. युरोपातल्या ओकच्या जंगलांचा हा शत्रू. त्याच्या केसाळ सुरवंटांनी मनावर घेतलं तर झाडंच्या झाडं बोडकी होतात. याला इंग्रजीत वर्षानुवर्षं जिप्सी मॉथ म्हणत. जिप्सी हा शब्द एका समाजाला हिणवणारा आहे म्हणून अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्याचं स्पंजी मॉथ असं नवं नाव ठरवलं. डिस्पार म्हणजे असमान. नर बारीक, तपकिरी, डोक्यावर पिसांसारख्या मिशा. मादी मोठी, पांढरट आणि जड. एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

हीच असमानता तरुण कोपेच यांच्या कामाची ठरली. त्या काळात हॉर्मोन हा शब्द अगदी ताजा होता, १९०५ चा. शरीरातली एखादी ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते आणि दूरच्या अवयवाला कामाला लावते, ही कल्पना प्राण्यांमध्ये सिद्ध होत होती. आपल्या शेतकऱ्याला त्यातला एक भाग कधीपासूनच माहीत आहे. गोऱ्हा खच्ची केला की बैल होतो. त्याची मान, त्याचा स्वभाव, सगळंच सांडापेक्षा वेगळं होतं. मग पतंगाचं काय? कोपेच यांनी सुरवंटांतले वृषण काढले, अंडाशय काढले, नरात अंडाशय बसवून पाहिले. १९११ च्या सुमारास त्यांनी हे निकाल छापले. झालं काय? काहीच नाही. वृषण नसलेल्या सुरवंटातूनही तपकिरी, पिसांच्या मिशांचाच नर बाहेर आला. नरपण त्याच्या प्रत्येक पेशीत आधीच लिहिलेलं होतं, रक्तातून येत नव्हतं.

असे प्रयोग त्यांच्या आधीही दोघा-तिघांनी केले होते आणि सगळ्यांचा निकाल एकच होता. त्यामुळे जीवशास्त्रज्ञांनी सोपा अर्थ काढला की कीटकांचं शरीर हॉर्मोन्सवर चालत नाही. गंमत बघा, हा समज पक्का करण्यात ज्यांचा हातभार लागला, त्याच कोपेच यांनी पुढे काही वर्षांत तो मोडला.

पहिलं महायुद्ध सुरू होतं त्या काळातला हा प्रयोग. त्याला लागलेलं साहित्य वाचून तुम्हाला हसू येईल. सुरवंट, बारीक दोरा, बारीक कात्री आणि भरपूर सबुरी.

आपल्याकडे बाळाच्या कमरेला करगोटा बांधतात, तसा कोपेच यांनी सुरवंटाच्या शरीराच्या मध्यावर दोरा बांधला. फक्त करगोटा सैल असतो, हा करकचून आवळलेला. इतका, की पुढच्या भागातलं रक्त मागे जाऊ नये आणि मागचं पुढे येऊ नये. तुम्ही म्हणाल, मेलाच असेल. कीटक इतक्या सहज मरत नाही. त्याला आपल्यासारखी फुप्फुसं नसतात, श्वास घ्यायला शरीराच्या दोन्ही बाजूंना ओळीने छिद्रं असतात. रक्तही नळ्यांमधून धावत नाही, शरीराच्या पोकळीत नुसतं डचमळत असतं. त्यामुळे दोरा बांधलेल्या सुरवंटाचे दोन्ही अर्धे बरेच दिवस जिवंत राहतात. एकाच कातडीत दोन स्वतंत्र भाडेकरू.

शेवटची कात टाकलेल्या, म्हणजे आता कोषाच्याच वाटेवर असलेल्या सुरवंटांना कोपेच यांनी वेगवेगळ्या दिवशी दोरा बांधला. साधारण सातव्या दिवसापर्यंत बांधला तर पुढचा अर्धा भाग कोषात बदलला आणि मागचा अर्धा सुरवंटच राहिला. तोच दोरा त्यानंतर बांधला तर दोन्ही अर्धे कोषात गेले. म्हणजे पुढच्या भागातून काहीतरी निघतं, एका ठराविक वेळी निघतं, आणि एकदा मागे पोहोचलं की मग दोरा बांधा नाहीतर काही करा, उपयोग नाही. चिठ्ठी पोहोचल्यावर पोस्टमनला अडवून काय होणार?

पण पुढचा भाग म्हणजे नेमकं काय? तिथे डोकं आहे, तोंड आहे, चेतासंस्थेच्या गाठी आहेत. कोपेच यांनी त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत शस्त्रक्रिया केल्या. वेळ यायच्या आत मेंदू काढला, तर सुरवंट जगला पण कोषात गेलाच नाही. वेळ उलटून गेल्यावर मेंदू काढला, तर बिनमेंदूचा सुरवंट ठरल्याप्रमाणे कोषात गेला. मेंदू जागेवर ठेवून त्याच्या खालची, घशाखालची चेतागाठ काढली, तरी कोष झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेंदूकडून मागे जाणारी चेतारज्जू मधोमध कापली, पण रक्ताची वाट मोकळी ठेवली, तर मागचा भागही बिनतक्रार कोषात गेला.

आता हे चारही निकाल एकत्र ठेवा आणि पुढे वाचण्याआधी अर्धा मिनिट स्वतः विचार करून बघा. तुमच्या हाती दुसरं काही नाही, सूक्ष्म रसायनं मोजणारं यंत्र नाही, डीएनए हे प्रकरण कुणाला कळलेलं नाही. तरी उत्तर एकच उरतं. हुकूम मेंदूकडून येतो आणि तो चेतातंतूंच्या तारेने जात नाही, रक्तातून दवंडी पिटत जातो. मेंदू स्वतःच ग्रंथीचं काम करतो.

हे निकाल १९१७ मध्ये क्राकूवच्या अकादमीच्या नियतकालिकात आले. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा देश झाला. कोपेच तेव्हा पुवावी या गावातल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत काम करत होते, आणि तिथूनच १९२२ मध्ये त्यांचा सविस्तर निबंध अमेरिकेतल्या बायॉलॉजिकल बुलेटिनमध्ये छापून आला. इंग्रजीत, प्रतिष्ठित जागी, सगळ्या आकड्यांसह. दुर्लक्ष व्हायला काही कारणच नव्हतं.

तरी झालंच. पुढची दहा-बारा वर्षं त्या निबंधाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. शास्त्रज्ञ आळशी होते असं नाही. मेंदू म्हणजे तारांचं जाळं, त्याचं काम संदेश वाहणं, आणि रस पाझरणं हे ग्रंथींचं काम, अशी खात्यांची वाटणी पक्की झाली होती. सरकारी कचेरीत एका टेबलाचं काम दुसऱ्या टेबलाने केलेलं कुणाला आवडतं? त्यात कीटकांना हॉर्मोन्स नसतात हेही सिद्ध झालेलं. १९२८ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट शारर यांनी माशाच्या मेंदूतल्या काही चेतापेशी ग्रंथीसारख्या दिसतात असं म्हटलं, तेव्हा त्यांनाही लोकांनी वेड्यात काढलं. आज पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमस तुम्ही परीक्षेसाठी घोकता. मेंदूच्या पेशी हॉर्मोन सोडतात हे वाक्य तुम्हाला इतकं साधं वाटतं, की त्यासाठी कुणाला भांडावं लागलं असेल हे डोक्यातही येत नाही. त्या भांडणातला प्राण्यांवरच्या प्रयोगाचा पहिला ठोस पुरावा म्हणजे कोपेच यांचे सुरवंट.

कोपेच स्वतः मात्र भांडत बसले नाहीत. पुवावी ही शेतीची संस्था. तिथे त्यांनी सशांच्या नवजात पिलांच्या वजनातली आनुवंशिकता तपासली. कीटकांना अधूनमधून उपाशी ठेवलं तर वाढीवर आणि आयुष्यावर काय परिणाम होतो हे पाहिलं. १९२८ चा त्यांचा एक निबंध तर फळमाशीवर आहे, तीच ड्रॉसोफिला, जी तुमच्या जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला बाटलीत असते. इंटरमिटंट फास्टिंगवर रील्स बघत असाल तर हेही लक्षात ठेवा, की माशांना आळीपाळीने उपाशी ठेवून त्यांचं आयुष्य मोजणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी पोलंडमधल्या एका लहान गावात बसला होता. मला मात्र राहून राहून वाटतं, ते मेंदूच्या प्रश्नाला आणखी पाच वर्षं चिकटून राहिले असते तर पुढची ग्रंथीही त्यांनाच सापडली असती. असो. पगार ससे आणि कोंबड्यांचा असेल तर सुरवंटांना किती वेळ देणार.

१९३० च्या दशकात ते वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले. आणि १९३४ मध्ये लंडनहून व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांचा निबंध आला. त्यांचा कीटक होता रोड्नियस, रक्त पिणारा एक ढेकूण. एकदा पोटभर रक्त प्यायला की काही दिवसांनी तो कात टाकतो. विगल्सवर्थ यांनी रक्त प्यायल्यावर त्याचं डोकं उडवलं. लवकर उडवलं तर कात पडली नाही, ठराविक दिवसांनंतर उडवलं तर पडली. वेगळा देश, वेगळा कीटक आणि तोच निकाल. त्याच सुमारास गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी माशीच्या अळीला दोरा बांधला. फ्रेंकेल ज्यू होते, हिटलर आल्यावर १९३३ मध्ये नोकरी गेली आणि त्यांनी लंडन गाठलं. त्यांच्या अळीचा पुढचा भाग तपकिरी, कडक कोष झाला आणि मागचा पांढरा, मऊ अळीच राहिला. कोपेच यांचा करगोटा आता दुसऱ्यांच्या हातात गेला होता.

मग सप्टेंबर १९३९ आला.

जर्मनीने पोलंड गिळला आणि पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांवर घाव घातला. ६ नोव्हेंबरला क्राकूवच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एका व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावून सरसकट अटक केली आणि छळछावणीत पाठवलं. विद्यापीठं बंद झाली. पोलिश मुलांनी जेमतेम लिहावं-वाचावं, त्यापुढे शिकायचं नाही, असं धोरणच होतं. वॉर्सात वर्ग घराघरांत, चोरून भरू लागले. तुमच्या वयाच्या मुलामुलींनी पकडलं गेलं तर जीव जाईल हे माहीत असताना लेक्चरं अटेंड केली.

७ मार्च १९४१ ला सकाळी वॉर्सातल्या एका फ्लॅटचं दार वाजलं. आत राहत होता इगो सिम, मूकपटांच्या जमान्यातला देखणा, गाजलेला नट. जर्मन आल्यावर तो त्यांना मिळाला होता, गेस्टापोसाठी काम करत होता, त्यांनी त्याला थिएटर चालवायला दिलं होतं. भूमिगत प्रतिकार चळवळीच्या माणसांनी त्याला दारातच गोळी घातली. शहरात लगेच पोस्टर्स लागली. मारेकरी तीन दिवसांत हजर करा, नाहीतर ओलिसांना मारू. शंभरावर लोक ओलीस धरले गेले. मारेकरी कुणी दिले नाहीत.

११ मार्चला पावियाक तुरुंगातून २१ जणांना शहराबाहेरच्या पाल्मिरीच्या जंगलात नेलं आणि गोळ्या घातल्या. त्यात दोन प्राध्यापक होते. इतिहासाचे काझिमिएश झाक्शेफ्स्की आणि जीवशास्त्राचे स्टेफान कोपेच. पन्नाशी नुकतीच ओलांडलेले. पाल्मिरीत डिसेंबर १९३९ ते जुलै १९४१ या काळात सतराशेहून जास्त माणसं अशी मारली गेली. युद्धानंतर पोलिश रेडक्रॉसने ते खड्डे उकरले, आता तिथे दफनभूमी आहे. एका नटाच्या खुनाचा बदला म्हणून एक असा माणूस गेला, ज्याने आयुष्यात कात्री चालवली ती फक्त सुरवंटांवर.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, जपानमध्ये सोइची फुकुदा यांनी रेशीमकिड्यात तो हरवलेला दुवा शोधला होता. छातीच्या पहिल्या भागातल्या दोन नाजूक ग्रंथी. मेंदूची दवंडी थेट सगळ्या शरीरासाठी नसतेच, ती या ग्रंथींसाठी असते. मग ग्रंथी स्वतःचं दुसरं हॉर्मोन रक्तात सोडते आणि कात पडते, कोष होतो. साहेब सही करतो, माल गिरणीतून निघतो. युद्धानंतर हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांनी मेंदू आणि ग्रंथी हे दोन्ही टप्पे एकाच मोठ्या पतंगात जोडून दाखवले. कोपेच यांच्या दोऱ्याच्या पुढच्या बाजूला हे दोन्ही होते, मेंदूही आणि गिरणीही. सातव्या दिवसाचं कोडं तिथेच सुटतं. एकदा सही झाली आणि माल बाहेर पडला की साहेबाची गरज संपते.

तो माल म्हणजे काय पदार्थ, हे शोधलं ॲडॉल्फ ब्यूटेनांट आणि पीटर कार्लसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी. १९५४ मध्ये त्यांनी रेशीमकिड्याच्या ५०० किलो कोषांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक मिळवले. गाडीभर मालातून चिमूटही नाही. कुठल्या अर्कात किती दम आहे हे मोजायला त्यांनी काय वापरलं माहीत आहे? दोरा बांधलेली माशीची अळी. मागच्या पांढऱ्या अर्ध्या भागात अर्क टोचायचा, तो तपकिरी झाला तर अर्क खरा. जर्मनीतून हाकललेल्या फ्रेंकेल यांची युक्ती, आणि तिच्या मागे जर्मनांनी मारलेल्या कोपेच यांची. ब्यूटेनांट हे १९३६ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते आणि कोपेच मारले गेले तेव्हा बर्लिनमधल्या एका मोठ्या संस्थेचे संचालक होते. त्यांचं विज्ञान पक्कं होतं यात वाद नाही. पण ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं.

त्या पदार्थाला नाव मिळालं एक्डायसोन. १९६५ मध्ये त्याची रचना कळली तेव्हा लोक चकित झाले. तो निघाला स्टेरॉइड. म्हणजे आपल्या टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसोलचा सख्खा भाऊबंद, जिममधल्या गुपचूप इंजेक्शनांच्याच खानदानातला. आपल्याप्रमाणेच कीटकही तो कोलेस्टेरॉलपासून बनवतो. फरक एवढाच की कीटकाला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, त्यासाठी लागणारा कच्चा माल खाण्यातूनच मिळवावा लागतो. अळी इतकी अधाशी का, याच्या अनेक कारणांतलं एक हेही.

आता शेवटचा प्रश्न. कोलेस्टेरॉलचं एक्डायसोन करणारे कामगार कोण? त्याचं उत्तर फळमाशीच्या जनुकांतून आलं, आणि तेही भलतंच काही शोधताना. १९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीची हजारो बिघडलेली घराणी तपासली. एक जनुक मोडलं की भ्रूणाचं काय बिघडतं, एवढं बघायचं. या कामाला १९९५ चं नोबेल मिळालं. त्यात काही भ्रूण असे निघाले की त्यांच्या अंगावर बाहेरचं कवचच धरत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या पुसट आकृत्या, भुतांसारख्या. मग नावंही तशीच पडली. फँटम, स्पूक म्हणजे भूत, शॅडो आणि शेड म्हणजे सावल्या, श्राउड म्हणजे कफन, डिसएम्बॉडीड म्हणजे देह नसलेला. सगळ्यांना मिळून हॅलोवीन जनुकं.

ही भुतं खरी कोण आहेत हे कळायला २००० साल उजाडलं. यातलं बहुतेक प्रत्येक जनुक एका एन्झाइमची कृती आहे, आणि ही एन्झाइम्स त्या गिरणीत ओळीने उभी असतात. रेणू हातोहात पुढे जातो. फँटम त्याच्या २५ व्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल बसवतं, डिसएम्बॉडीड २२ व्यावर, शॅडो दुसऱ्यावर, आणि एक्डायसोन तयार. शेड मात्र गिरणीबाहेर, शरीरातल्या इतर पेशींत बसतं आणि २० व्या कार्बनवर शेवटचा हात फिरवतं. मग हॉर्मोन खरं धारदार होतं. ओळीतल्या मधल्या काही पायऱ्या अजून नीट कळलेल्या नाहीत, संशोधक त्यांना सरळ ब्लॅक बॉक्स म्हणतात. पीएचडीचा विषय शोधत असाल तर जागा शिल्लक आहे.

या ओळीच्या अगदी सुरुवातीला, कोलेस्टेरॉलवर पहिला हात टाकणाऱ्या जनुकाचं नाव आहे नेव्हरलँड. पीटर पॅनच्या गोष्टीतली ती जागा, जिथे मुलं कधी मोठीच होत नाहीत. ग्रंथीत हे जनुक बंद पाडलं की माशीची अळी अळीच राहते. पण तिला पुढच्या पायरीचा तयार पदार्थ खाऊ घातला की गाडी पुन्हा चालू. मेक्सिकोच्या वाळवंटात फळमाशीची एक चुलत बहीण आहे, तिच्यात हे जनुक असं बदललंय की तिला साधं कोलेस्टेरॉल चालतच नाही. एका विशिष्ट निवडुंगात जो वेगळा स्टेरॉल असतो त्याच्यावरच तिचं घर चालतं. एका जनुकातल्या थोड्याशा बदलाने अख्खी जात एका झाडाला बांधली गेली.

आणि मेंदूची ती सही? तिचं रसायन एक छोटं प्रथिन आहे. फळमाशीच्या अळीत ते ग्रंथीपर्यंत पोहोचवणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या प्रत्येक बाजूला फक्त दोन. हजारो पेशींच्या मेंदूत मिळून चार. त्यांचा हुकूम ग्रंथीवर पोहोचला की हॅलोवीन जनुकं जोरात कामाला लागतात. या पेशी मारून टाकल्या तर माशीची अळी दिवसचे दिवस रखडते, तोवर खातच राहते आणि शेवटी नेहमीपेक्षा मोठी माशी होऊन बाहेर पडते. म्हणजे माशीत मेंदूच्या हुकमाविनाही गाडी कशीबशी स्टेशनला लागते, कोपेच यांच्या सुरवंटांसारखी कायमची थांबत नाही. त्यांचं म्हणणं इथे थोडं सैल करावं लागलं. पण हुकूम कुठून येतो, कोणत्या वाटेने येतो आणि त्याला ठरलेली वेळ असते, या तिन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत.

तुमच्या घरी शेती असेल तर ही साखळी तुम्ही न कळत पाहिलेली आहे. कपाशीवर किंवा भाजीवर फवारतात तो ५ टक्के निंबोळी अर्क आठवा. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीचं खाणं तर कमी करतंच, शिवाय मेंदूकडून ग्रंथीकडे जाणाऱ्या हुकमातच खोडा घालतं. एक्डायसोन वेळेवर वाढत नाही आणि अळी कात टाकताना अडकून मरते. टेब्युफेनोझाइडसारखी औषधं उलटं करतात, ती एक्डायसोनचा खोटा वेष घेऊन येतात. अवेळी हुकूम मिळालेली अळी खाणं सोडते आणि अर्धवट कात टाकून मरते. रेशीमवाल्यांना मात्र हाच हुकूम हवा असतो. जालना-बीडकडे तुती लावणाऱ्या कुणाला विचारा, सगळ्या अळ्या एकाच वेळी पिकून चंद्रिकेवर चढल्या तर मजुरी किती वाचते. वनस्पतींतून काढलेली एक्डायसोनसारखी द्रव्यं शेवटच्या दिवसांत तुतीच्या पाल्यावर शिंपडतात ती यासाठीच.

शेती नसेल तर कढीपत्त्याची कुंडी पुरेल. पावसाळ्यात तिच्यावर हिरवी, गुबगुबीत अळी हमखास सापडते. दोरा बांधू नका, नुसती रोज बघा. बरेच दिवस ती एकाच फांदीवरची पानं फस्त करत राहील. मग एके दिवशी खाणं थांबेल, पोट रिकामं करेल आणि इतके दिवस जागचं न हलणारी ती अळी कुंडीवरून, भिंतीवरून, ग्रिलवरून चालत सुटेल. त्या वेळी तिच्या रक्तात एक्डायसोन पोहोचलेलं असतं. मेंदूतली सही त्याच्या आधीच होऊन गेलेली.